सगळ्यांना चालणारा चष्मा

ऐन दिवाळीच्या तोंडावर पतसंस्थेच्या संगणकावरचा हिशेबाचा प्रोग्रॅम रुसून बसला आणि बाहेर सभासदांची ही रांग लागली! दुरुस्तीला केतकी मगदूम आली. ती कुणाची नोकर नव्हती. प्रोग्रॅमिंगची कामं स्वतंत्रपणे घ्यायची आणि त्यासाठी लागणारा लॅपटॉप नि सॉफ्टवेअरंही पदरमोड करून विकत घ्यायची. तिनं आपला लॅपटॉप उघडला मात्र, चेअरमन भाऊसाहेब कडाडले, "ते बंद कर! संस्थेचं मशीन सगळ्यांना चालतं, तुलाच का नाही? उगाच पैसे उधळलेस, पोरी!"

"बरं, तसं लेखी द्या. तुमच्या मशीनवर माझी सॉफ्टवेअरं नाहीत; उशीर का झाला, ते रांगेला दाखवते."

"देतो की!" भाऊसाहेबांनी तोऱ्यात कागद ओढला आणि खिशातला चष्मा काढला.

"थांबा!" केतकीनं काउंटरवरचा, म्हाताऱ्या सभासदांसाठी दोरीनं बांधून ठेवलेला चष्मा पुढे सरकवला. "हा घाला. संस्थेचाच आहे, सगळ्यांना चालतो."

"अगं, तो माझ्या नंबरचा नाही! अक्षर तरी दिसेल का?"

"संस्थेचं काम, आणि चष्मा घरचा? उगाच पैसे उधळलेत, भाऊसाहेब!"

अख्खी रांग खो खो हसली. भाऊसाहेबांनी कागद चुरगळला आणि शिपायाला हाक मारली, "अरे, बाईंच्या लॅपटॉपला आधी प्लग दे!"