नाल्यापलीकडची पंगत

शहरं कशी आखावीत हे परदेशी शिकून मी परतले, तेव्हा वस्तीतल्या एकुलत्या मोकळ्या जागेवर वाहनतळ ठरला होता. तिथल्या आवळ्याखाली दर कार्तिकात आमचं आवळीभोजन व्हायचं. ज्याच्या पानात आवळा पडे, तो वर्षभर भाव खाई.

"इथे बाग करा," मी उद्यान अधीक्षक दाभाडेसाहेबांना विनवलं.

त्यांनी नकाशावर बोट आपटलं. "नाल्यापलीकडे बाग आहे ना! पाच मिनिटांवर. आणखी किती लाड?"

माझ्यासोबत आलेली शेवंताआत्या गोड हसली. "खरंच की! साहेब, उद्या आवळीभोजनाला या. भरली वांगी करते."

दुसऱ्या दिवशी साहेब भुकेले होऊन आले. आवळ्याखाली चिटपाखरू नव्हतं. सगळ्या बायका सकाळीच लांबच्या पुलावरून वळसा घालून पलीकडच्या बागेत गेल्या होत्या. तिथून आत्या ओरडली, "या साहेब, पान वाढलंय!"

काठावर थबकून साहेबांनी विचारलं, "अहो, पण येऊ कुठून?"

"नकाशातून या की! पाच मिनिटांत. भात निवतोय!"

वाहनतळ रद्द होऊन तिथे बाग झाली. यंदा बागेतल्या त्याच आवळ्याखाली पंगत बसली. आत्याने पहिलं पान साहेबांना वाढलं. आवळा मात्र माझ्या पानात पडला.