काँक्रीटवर उघडणारं दार

“म्हणजे इमारत कलली आहे, असंच ना?” कुमुदताईंनी विचारलं.

 भिकाजी मिस्त्री भिंतीकडे बघत होते...

लिफ्टला लागून असलेली ती काँक्रीटची भिंत, चाळीस वर्षांची. तिच्यापुढे लाकडी चौकट उभारून फळ्यांची भिंत करायची, एवढंच काम होतं. पण आदल्या दिवशी मिस्त्रींचा शिष्य सुहास याने भिंत सरळ आहे का ते बघायला ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, वरून सोडला. दोरी वर भिंतीला टेकली आणि खाली दोन बोटं सुटली. तेव्हा हा पठ्ठ्या मोठ्या ऐटीत म्हणाला, “ताई, तुमची बिल्डिंग कललीय.” आणि जेवायला निघून गेला.

कुमुदताई मात्र जेवल्या नाहीत. एकट्या बाई. फ्लॅट विकून भाचीकडे राहायला जायचं, असं त्यांनी ठरवूनही टाकलं होतं.

“मिस्त्री, ओळंबा खोटं बोलत नाही,” सुहास म्हणाला.

“नाही बोलत. पण तू त्याला काय विचारलंस?”

“भिंतीचंच विचारलं.”

“बरं...”

मिस्त्रींनी भिंत बोटांनी ठोकून पाहिली. खाली टणक. वर बद्द. त्यांनी छिन्नी घेतली आणि वरचा गिलावा उडवला. चांगला दोन बोटं जाड! छताजवळची तुळई पुढे आलेली दिसू नये म्हणून कुण्या गवंड्याने तो थापला होता. खालचाही थोडा खरवडला. मग तुळईच्या खालच्या उघड्या काँक्रीटला लागून ओळंबा सोडला.

दोरी वरपासून खालपर्यंत सारखी.

“सरळ आहे,” मिस्त्री म्हणाले.

कुमुदताई मटकन स्टुलावर बसल्या. आधी हसल्या, मग डोळे पुसले.

“हुश्श! देव पावला हो. थांबा, चहा टाकते. आणि भाचीला कळवते, येत नाही म्हणून.”

सुहास मान खाली घालून लाकडं कापायला लागला. 

संध्याकाळपर्यंत चौकट उभी राहिली. फळ्या लावताना मिस्त्रींनी मधली एक ठोकू दिली नाही. तिला बिजागऱ्या लावायला सांगितल्या.

सुहास चक्रावला. “दार? मागे नुसतं काँक्रीट आहे, मिस्त्री. ना पाइप, ना वायर. दार कशाला?”

“लाव.”

“पण कशाला?”

“ताईंच्या मनात भीती घालायला तुझं एक वाक्य पुरलं,” मिस्त्री म्हणाले. “पुन्हा शंका आली, तर दार उघडून ताई स्वतः भिंत बघतील. भीतीला बाहेर जायला वाट नको?”