राजपुत्राच्या डोळ्यांतली कंकणे

एका राज्यात डोंगर तांब्याचे होते, कळस तांब्याचे होते, आणि पाहुण्यालाही पहिले पाणी तांब्याच्या भांड्यातून मिळे. त्या राज्याचा राजपुत्र अरिंजय. तो वयात आला आणि त्याच्या दोन्ही डोळ्यांत, बुबुळांच्या कडेने, तांबूस कंकणे उमटली.

"हे राजचिन्ह!" राजवैद्य म्हणाले. नगारे वाजले. राजपुत्राला तांब्यात मुरवलेले पाणी दुप्पट पाजू लागले.

मग त्याचे हात थरथरू लागले. बाण नेमावर बसेना. जीभ जड झाली, पाय सुजले. धाकटी बहीण चारुलेखा त्याला भरवायला बसे.

"चारू, माझ्या डोळ्यांत ग्रहण लागलंय."

"कंकणाकृती आहे, दादा. सुटेल."

"मग दान काढ. तुझी मोत्यांची माळ दे."

"दान मागणाराच लबाड!" ती म्हणे, आणि त्याच्या हनुवटीवर सांडलेले पुसून घेई.

राजा सुवीर राणीला म्हणे, "हा तुमच्या माहेरचा दोष." राणी मान खाली घाली.

एके सकाळी खिडकीत भारद्वाज पक्षी येऊन बसला. त्याचे पंख तांब्याचे होते. तो म्हणाला, "राजकन्ये, ज्याने तो मरतो आहे तेच तुम्ही त्याला पाजता. खाणीतल्या नागाला विचार."

चारुलेखा खाणीपाशी गेली. तोंडाशी नाग वेटोळे घालून बसला होता.

"ऐक," नाग म्हणाला. "तुझ्या पूर्वजाने आणि त्याच्या भावाने माझा ठेवा लुटला, अर्धा अर्धा वाटून घेतला. मी शाप दिला, माझे तांबे तुमच्या अंगातून बाहेर पडणार नाही. मग शापही अर्धा अर्धा झाला. अर्धा शाप कोणाला बाधत नाही. पण एका भावाच्या वंशात तुझा पिता जन्मला, दुसऱ्याच्या लेकीबाळींच्या वंशात तुझी माता. दोन अर्धे तुझ्या भावात भेटले."

"उतारा सांगा, नागराज."

"तीन गोष्टी दे. लुटीच्या तांब्याचा मुकुट, ठेव्यातले तेवढेच उरले आहे. राजाच्या तोंडचा शब्द, की अर्धा शाप माझा. तिसरी गोष्ट वेळ आली की मागेन."

चारुलेखेने महालात येऊन सारे सांगितले. मुकुट राजाने तत्काळ उतरवला. शब्द मात्र ओठांशी अडला. तेवढ्यात अरिंजयाने पाण्याचे भांडे उचलले, ते त्याच्या हातून निसटले आणि घरंगळत राजाच्या पायाशी आले. राजा उठला. राणीसह खाणीपाशी गेला आणि प्रधानांसमोर म्हणाला, "अर्धा माझा. राणीला मी उगाच बोललो."

"अर्धा माझाही," राणी म्हणाली.

नाग चारुलेखेकडे वळला. "आता तिसरी गोष्ट. तुझे डोळे दाखव."

ती डोळे मिटून मागे सरली. कित्येक दिवस तिने महालातला आरसा झाकून ठेवला होता. मग तिने पापण्या उघडल्या.

नागाने पुष्कळ वेळ पाहिले. "कंकणे नाहीत. पण अंगात तांबे साठू लागले आहे. दोन अर्धे तुझ्यातही भेटले."

राणीने पदर तोंडाशी धरला. चारुलेखा म्हणाली, "मग उतारा दोघांचा द्या."

"दिलेला शाप मला गिळता येत नाही. पण सांग, कल्हई नसलेल्या भांड्यात ताक कळकले, तर तुम्ही भांडे फेकता का?"

"नाही. कल्हई करतो."

"तशी आतून करा." नागाने कात टाकली. कातीची पांढरी पूड झाली. "रोज चिमूटभर. तांब्याचे पाणी वर्ज्य."

"किती दिवस?" राजाने विचारले.

"कल्हई जाते, राजा. भांडे आहे तोवर करायची."

मुकुट खाणीत ठेवला. ठेवा पुरा झाला, नाग मोकळा झाला, आणि पुढे जन्मणाऱ्यांचा शाप तिथेच संपला.

त्या दिवसापासून राजवाड्यात सारेच मातीच्या भांड्यातून पाणी पिऊ लागले, दोघा भावंडांचे भांडे वेगळे दिसू नये म्हणून. अरिंजयाच्या डोळ्यांतली कंकणे हळूहळू विरत गेली. हाताचा थोडा कंप राहिला.

एके सकाळी त्याने आरसा खाली ठेवला. "चारू, ग्रहण सुटलं. माझं दान?"

तिने त्याच्या तळव्यावर चिमूटभर पांढरी पूड ठेवली, आणि चिमूटभर आपल्या. "हे घे. रोजचं."

जशी त्यांची कल्हई टिकली, तशी तुमची-आमची टिको.