गोळ्याच्या पलीकडे

माळावर गाईच गाई होत्या आणि शेणकिड्यांची चैन होती, त्या काळची गोष्ट. गोंदू शेणकिडा शेणाचा गोळा घेऊन घरी निघाला होता. डोकं खाली घालून, मागच्या पायांनी ढकलत, उलटं चालत. त्याच्या जातीची रीतच ती. बायको अंडी घालायला गोळ्याची वाट बघत होती.

वाटेत गोळा अडला. गोंदूनं जोर लावला, माळाला शिव्या दिल्या, पण गोळा हलेना. ऊन तापलं, शेण तडकायला लागलं.

"सरडेदादा, माझं नशीबच फुटकं!"

कुंपणावरच्या सरड्यानं मान हलवली. "खरंय बाबा."

"आता एखाद्या गाईनं लाथ मारली तरच सुटका!"

सरड्यानं पुन्हा मान हलवली.

गोंदू भडकला. "नुसती मान काय हलवता? गोळा कशाला अडलाय ते तरी सांगा!"

"मला इथून दिसत नाही. तूच जाऊन बघ की."

पलीकडे जाऊन बघायचं गोंदूच्या बापालासुद्धा कधी सुचलं नव्हतं. तो वळसा घालून गेला. गोळ्यात वाटेतल्या बाभळीच्या फांदीचा काटा रुतला होता, एवढंच! त्यानं गोळा तिकडून मागं ढकलला, तसा तो अलगद सुटला.

"एवढा उशीर? कुणी अडवलं होतं?" बायकोनं विचारलं.

"कुणी नाही गं," गोंदू हसला. "मीच आपला एकाच बाजूला उभा राहून ढकलत होतो."