मंगळवारचे तळे

एकदा एक यंत्र एकच काम करताना कधी अत्यंत हुशार, तर कधी अगदीच मठ्ठ वागू लागले. यंत्राचे काय, ते कोणाला दोष देत नाही आणि स्वतःवर घेतही नाही. पण ते ज्याच्या हाताखाली होते, त्या सौमित्र नावाच्या तरुणाची मात्र अन्नावरची वासना उडाली.

सौमित्र एका वृद्ध गुरूंकडे काम शिकत होता. त्यांना सगळे नुसते 'सर' म्हणत. चाळीस वर्षे रेडिओ, टीव्ही आणि संगणक दुरुस्त केल्यावर आता ते एकच काम हाती घेत. ज्या खेळांची यंत्रे बाजारातून कायमची नाहीशी झाली, ते जुने व्हिडिओ गेम ते नव्या संगणकावर चालते करून देत. हे ज्या प्रोग्रामच्या बळावर होते त्याला एम्युलेटर म्हणतात. टीव्हीला जोडायच्या जुन्या कन्सोलचे सोंग तो नव्या संगणकात असे हुबेहूब वठवतो, की आपण परक्या घरात आलो आहोत हे खेळाला कळतच नाही. सोंग वठले की खेळ सुरळीत चालतो. फसले की चित्र अडखळते, आवाज तुटतो, आणि चालणारा माणूस एक पाऊल हवेत धरून उभा राहतो.

या वेळी काम होते शैलजाताईंचे. वीस वर्षांपूर्वी एका खेळासाठी त्यांनी निसर्गदृश्ये रंगवली होती. ती कंपनी पुढे बंद पडली, मूळ चित्रे कुठल्या खोक्यात गेली ते कोणाला ठाऊक नव्हते. त्या चित्रांपैकी सर्वांत प्रिय असे एक तळे आता फक्त त्या खेळात उरले होते. गंमत अशी, की शैलजाताईंनी तो खेळ कधी पाहिलाच नव्हता. त्या कागदावर रंगवीत आणि कागद पुढच्या टेबलावर जाई. ते महागडे कन्सोल त्यांच्या घरी कधी आले नाही.

आता त्यांच्या डोळ्यांचा पडदा खराब झाला होता. नजरेच्या मधोमध धूसर डाग, आणि कडेने जे दिसे तेही महिन्यागणिक कमी होत होते. एकटीने राहणे अशक्य झाले म्हणून त्या पुढच्या आठवड्यात भावाकडे, दूरच्या गावी, कायमच्या जाणार होत्या. जाण्यापूर्वी आपले तळे एकदा चालते झालेले पाहायचे, एवढीच त्यांची इच्छा होती.

सौमित्रने त्यांना दोनदा बोलावले होते. आदल्या दिवशी खेळ लोण्यासारखा चालला होता, म्हणूनच बोलावले होते. पण दोन्ही वेळा त्या समोर बसल्या आणि वाटेतल्या पुलावरच चित्र असे गचके खाऊ लागले, की त्याने शरमेने यंत्र बंद केले. दुसऱ्या वेळी शैलजाताईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "होतं रे असं." रागावल्या असत्या तर बरे झाले असते, असे त्याला वाटले.

त्याने कष्टात कसूर केली नव्हती. त्याच्याजवळ एक वही होती आणि तीत एक्केचाळीस चाचण्यांची नोंद होती. तारीख, वेळ, कोणते सेटिंग बदलले, कुठे अडले, सगळे सुवाच्य अक्षरात. त्याने चित्राचा आकार लहान केला, आवाजाची जुळणी बदलली, संगणकाला वारा घालायला टेबलफॅन लावला. शेजारच्या पिठाच्या गिरणीमुळे विजेचा दाब कमीजास्त होतो असा संशय घेऊन त्याने गिरणीवाल्याला भीत भीत विचारूनही पाहिले. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी ही तऱ्हा होती. पण त्याला हसण्याचा अधिकार आपल्यापैकी फार थोड्यांना आहे. एखाद्या बदलानंतर खेळ चांगला चालला की त्याला वाटे, सापडले. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडलेली असे. दुसऱ्या दिवशी तेच सेटिंग, तोच खेळ, आणि पुन्हा तेच गचके.

चाचणीच्या बाबतीत तो सोवळ्यातला होता. एम्युलेटर चालताना काही फायली साठवून ठेवतो. सौमित्र प्रत्येक चाचणीआधी त्या सगळ्या पुसून टाकी. पुजारी गाभारा धुतल्याशिवाय पूजेला बसत नाही, तसा हा पाटी कोरी केल्याशिवाय खेळाला हात लावीत नसे.

शनिवारी दुपारी, काहीच सुचेना तेव्हा, त्याने वही सरांपुढे ठेवली. सरांनी चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ती सावकाश वाचली. मग म्हणाले, "मंगळवारी बरा चालतो."

सौमित्र ओशाळला. हे त्यालाही दिसले होते, पण बोलायची लाज वाटली होती. "हो सर. मंगळवारी चालला म्हणूनच ताईंना दोन्ही वेळा बुधवारी बोलावलं होतं. पण वाराचा आणि संगणकाचा काय संबंध?"

"मंगळवारी तू काय करत नाहीस?"

"मंगळवारी आईला फिजिओथेरपीला नेतो. मग इथे यायला उशीर होतो, पण आलो की लगेच..."

"काय करतोस ते विचारलं नाही मी," सर म्हणाले, आणि वही मिटून त्याच्या हातात दिली. "उद्या सकाळी त्यांना बोलाव."

रविवारी दहा वाजता शैलजाताई आल्या. सौमित्र पहाटेच येऊन बसला होता. त्याने सगळ्या साठवलेल्या फायली पुसल्या होत्या, संगणक नव्याने सुरू केला होता, आणि आता शेवटचे एक सेटिंग बदलू की नको या विचारात होता. एवढ्यात सर आले. त्यांनी संगणकाचा कीबोर्ड काढला, माउस काढला, दोन्ही कपाटात ठेवले, कपाटाला कुलूप लावले आणि किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली. टेबलावर फक्त खेळायचा कंट्रोलर राहिला.

"सर, आता काही बिघडलं तर मी काय करू?"

"काही करू नकोस. तळ्यापर्यंत चालत जा. जिथं अडेल तिथं उभा राहा. सुटलं की पुढं जा. पण मागं फिरायचं नाही."

सौमित्रला वाटले, वयाने सरांचे भान सुटत चालले आहे. पण गुरूंचा शब्द मोडण्याची त्याची रीत नव्हती. त्याने खेळ सुरू केला.

ती वीस मिनिटे त्याला जन्मभर आठवतील. जंगलात धुके आले आणि चित्र थबकले. पूल आला, थबकले. उतारावर सावल्या बदलल्या, पुन्हा थबकले. जे जे नवे समोर येई, त्यापुढे यंत्र भांबावल्यासारखे उभे राही. शेवटी झाडी संपून तळे दिसणार, तोच सगळा पडदा दोनतीन सेकंद गोठला. सौमित्रने मान खाली घातली.

"मावशी, माफ करा. तिसऱ्यांदा तुम्हाला त्रास दिला."

शैलजाताई खुर्ची पुढे ओढून, मान तिरकी करून, डोळ्यांच्या कडेने पडद्याकडे पाहत होत्या. "त्रास कसला? थांबतंय तेच मला बरं पडतंय. मला मधलं दिसत नाही रे. कडेकडेनं एकेक गोळा करावं लागतं. मघाचं धुकं माझंच होतं. ओळखलं मी."

"आता पुन्हा," सर म्हणाले. "अगदी पहिल्यापासून."

सौमित्र पुन्हा जंगलाच्या तोंडाशी उभा राहिला. धुके आले. त्याने सवयीने श्वास रोखला, आणि धुके त्याच्या अंगावरून निघून गेले. चित्र थबकले नव्हते. त्याला वाटले, योगायोग असेल. पूल आला. ज्या फळीवर मघाशी पाय हवेत राहिला होता, तिच्यावर पाय टेकला, दुसरा उचलला, तिसरे पाऊल पडले. सौमित्र पुलाच्या मध्यावर थांबला आणि त्याने सरांकडे वळून पाहिले. त्याने काहीही बदलले नव्हते. बदलण्याचे साधनच कपाटात होते.

सर म्हणाले, "हा खेळ ज्या यंत्राच्या भाषेत बोलतो, ते यंत्र आता राहिलं नाही. मधे हा दुभाष्या बसलाय. समोर नवी गोष्ट आली, की तिला या संगणकाच्या भाषेत काय म्हणायचं ते त्याला शोधावं लागतं. शोधताना तो थांबतो. एकदा सापडलं की लिहून ठेवतो, मग तिथं पुन्हा थांबत नाही. तू त्याचं टिपण दर वेळी पुसलंस, आणि तो अडतो म्हणून त्याला औषधं दिलीस. मंगळवारी तुला उशीर व्हायचा. घाईत पुसायचं राहून जायचं. तेवढ्या दिवशी तो आपलं सोमवारचं टिपण बघून बोलायचा."

"पण सर, पाटी कोरी केल्याशिवाय चाचणी खरी कशी?"

"चाचणी खरीच होती. फक्त तू रोज त्याचा पहिला दिवस तपासत होतास. पहिल्या दिवशी अडखळणार नाही असा कोण आहे? स्वतःची वही मात्र तू जिवापाड जपलीस."

सौमित्रच्या अंगावर काटा आला होता. डोळ्याचे पाते लवते तेवढ्या अवधीत पडद्यावर पंधरा-वीस चित्रे येऊन जातात, आणि त्या प्रत्येक चित्रातले पान, फळी, सावली, पावलाचा आवाज, सगळे कोणीतरी एका मृत भाषेतून जिवंत भाषेत आणून ठेवते, हे त्याने पुस्तकात वाचले होते. आज ते त्याला दिसले. आपण ज्याला बिघाड म्हणत होतो, ते या यंत्राचे शिकणे होते. तो कितीतरी वेळा त्याच्यावर चिडला होता. त्याला त्या निर्जीव पेटीपुढे हात जोडावेसे वाटले, आणि त्याची त्याला लाजही वाटली नाही.

"चल ना पुढं," शैलजाताई म्हणाल्या. "तळं यायचंय."

तो चालू लागला. उतार गेला, झाडी संपली, आणि तळे कुठेही न अडता उघडले. पाण्यावर संध्याकाळचा प्रकाश होता आणि तो प्रकाश हलत होता. शैलजाताईंचा हात आपोआप तोंडाशी गेला.

मग त्यांनी हळूच विचारले, "डावीकडं लव्हाळ्यात एक बगळा आहे का रे? लहान आहे, मला नाही दिसायचा. त्याची मान थोडी वाकडी झाली होती माझ्या हातून. कंपनीतले साहेब म्हणाले, राहू दे."

सौमित्र गोंधळला. या तळ्यापाशी तो इतक्या वेळा आला होता आणि त्याने बगळा कधी पाहिला नव्हता. चित्र अडते की नाही, एवढेच तो पाहत आला होता. त्याने पडद्याजवळ वाकून लव्हाळ्याकडे पाहिले.

"आहे, मावशी. मान वाकडी आहे."

"हलतो?"

त्याने वाट पाहिली. बगळ्याने मान खाली नेली, पाण्याला टेकवली आणि वर घेतली. "हलतो."

"मी तर स्थिरच काढला होता त्याला," त्या म्हणाल्या. "कोणीतरी पुढं हलवला असेल. आता काय करतोय? सगळं सांग मला."

सर चहा ठेवायला आत गेले. सौमित्रने कंट्रोलर बाजूला ठेवला आणि तो सांगू लागला. पाण्याचा रंग कसा आहे, लव्हाळे कोणत्या बाजूला झुकले आहेत, बगळ्याची सावली कुठे पडली आहे. हे असले सांगण्याची त्याला सवय नव्हती. तो मधेच अडे, शब्द शोधत थांबून राही, आणि तो सापडेपर्यंत शैलजाताई शांतपणे वाट पाहत.