दाखवलेल्या नैवेद्याची कहाणी

ऐका जिवतीआई, तुमची कहाणी. आणि बायांनो, तुम्हीही ऐका. अक्षता मुठीत घ्या. फोन पदराखाली नको, पलीकडच्या खोलीत ठेवा. हं, आता कसं!

आटपाट नगर होतं. नगराला आता सोसायटी म्हणत. वेशीवर दरवाजा होता, दरवाज्यावर शिपाई होता, नि फोनवर नंबर आल्याशिवाय तो वाऱ्यालाही आत सोडीत नसे. त्या नगरात चौथ्या मजल्यावर मनूताई राहत होती. नवरा बदलीच्या गावी, पदरी एकच लेक, केतकी. लेक गुणाची, कमावती, आईला जपणारी. पण देवाचं नाव काढलं की म्हणे, "आई, तू कर. मला त्यात ओढू नको."

मनूताईला जिवतीचा वसा होता. आईने दिलेला, आईला तिच्या आईने दिलेला. श्रावण आला की लेकरांची राखण करणाऱ्या जिवतीचा कागद भिंतीवर लावावा, आघाडा-दुर्वांची माळ घालावी, शुक्रवारी पुरणाचा नैवेद्य दाखवावा, लेकराला ओवाळावं. आणि कहाणी सांगावी. कशी सांगावी? उपाशी सांगावी, उपाशी माणसाला सांगावी. ऐकणारीने मुठीत अक्षता धराव्या, हूं म्हणावं. हूं म्हणायला कोणी नसलं तर कहाणी फळत नाही, नि सांगणारीने तोवर घास गिळायचा नाही. पूर्वी हे सोपं होतं हो! आळीत उपाशी माणसांनाही तोटा नव्हता, नि रिकाम्या वेळालाही.

इतकी वर्षं समोरची आत्याबाई ऐकायला यायची. ती गेली लेकाकडे परदेशी. मग श्रावणातला शुक्रवार आला. मनूताईने पुरण शिजवलं, ताट वाढलं, कागदासमोर ठेवलं, नि लेकीला हाक मारली, "केतकी, जरा पाटावर बस गं. हूं म्हणायला कोणी नाही." केतकी कानात यंत्र घालून ऑफिसच्या मीटिंगमध्ये. ती म्हणाली, "खोटं खोटं हूं म्हणायला मी बसणार नाही, आई. त्यात तुझाच अपमान आहे." मनूताई चडफडली. "तुझ्यासाठीच करते ना, मेले!" म्हणाली, नि अक्षतांची वाटी घेऊन घराबाहेर पडली.

मग ती पहिल्या दारी गेली. तिथे बेलसरेबाई चालण्याच्या यंत्रावर चालत होत्या. "अहो बेलसरेबाई, उपाशी आहात का?" "आहे की! वजनासाठी रोज असते." "मग माझी कहाणी ऐका." "बसायला वेळ नाही हो. फोनवर बोलून पाठवा, दुप्पट वेगाने ऐकीन." "आणि हूं?" "अंगठा पाठवीन ना!"

मनूताई तिथून उठली, दुसऱ्या दारी गेली. तिथे फडणिसांची सून भक्तिमंडळाच्या साड्यांचे रंग ठरवीत होती. "सूनबाई, माझी कहाणी ऐक गं." ती म्हणाली, "इश्श काकू! आमच्या मंडळात याच ना तुम्ही. सगळ्या एका रंगात नेसतो, मोठ्या आवाजात म्हणतो, वरून व्हिडिओ काढतो. तुमची जिवती छान आहे हो, पण फोटोत नीट येत नाही."

मनूताई तिथून उठली, तिसऱ्या दारी गेली. तिथे गुरुजी सोवळं नेसून संगणकापुढे बसले होते. पडद्यावर कुठल्याशा थंड देशातलं कुटुंब होतं, पूजा चालली होती. "पळीभर पाणी ताम्हणात सोडा. पुष्पं समर्पयामि. त्या कुत्र्याला आधी बाहेर काढा." मनूताईने विचारलं, "गुरुजी, माझी कहाणी ऐकता का?" गुरुजी म्हणाले, "ऐकली असती, पण उपाशी नाही हो. त्यांच्या वेळेचा एक फराळ होतो, आपल्या वेळेचा एक होतो."

मग मनूताई जिन्यातच बसली. भूक लागली थोडी, भीती वाटली फार. मनात म्हणाली, "अंगठ्याने कहाणी कशी फळणार? वसा माझ्यापाशी संपला, तर माझ्यामागे माझ्या पोरीला राखणार कोण?" नि पदर डोळ्यांना लावून घळाघळा रडली. रडून झाल्यावर उठली, वेशीवर गेली.

वेशीवर एक म्हातारी उभी होती, नि शिपायाची तिच्याशी जुंपली होती. "आजी, कोणाकडे जायचंय?" "सगळ्यांकडे." "सगळ्यांकडे चालत नाही. घराचा नंबर सांगा." "लेकरं असतील ती सगळी घरं माझी." "अहो, पण काम काय तुमचं?" "लेकरं सांभाळते." "मग तसं सांगा ना! आया, असं टाकतो." "टाक बाबा. तेच खरं आहे."

मनूताई पुढे झाली. "आजी, काही खाल्लंय का?" म्हातारी म्हणाली, "नाही गं बाई. कधीची उपाशी आहे." मनूताईला आनंद झाला. दुसऱ्याच्या उपासाचा इतका आनंद कोणाला होऊ नये, पण झाला खरा! तिने आपल्या घराचा नंबर सांगितला, म्हातारीला हाताला धरून वर नेलं, पाटावर बसवलं. पाणी तेवढं दिलं, मुठीत अक्षता दिल्या, नि सुरू केलं.

"एक राणी होती. तिला तीन लेक होते. राणी उतली, राणी मातली, जिवतीला नैवेद्य दाखवायची विसरली. मग काय झालं?" म्हातारी म्हणाली, "हूं." "मग जिवती कोपली. थोरला लेक नेला." "हूं." "मग मधला लेक नेला." म्हातारीचं डोकं डुलायला लागलं, नि हूं घोरण्यासारखं यायला लागलं.

तेवढ्यात केतकी पाणी प्यायला बाहेर आली. ऐकलं, नि दारातच थबकली. "थांब आई. चूक राणीची ना? मग लेकाला का नेलं?" "वसा मोडला म्हणून." "लेकाने मोडला?" "अगं, कहाणीत तसंच असतं." "पण जिवती लेकरांची राखणदार ना? राखणदारानेच घर फोडलं तर गाऱ्हाणं न्यायचं कोणाकडे?" मनूताई लहानपणापासून ऐकत नि सांगत आली होती, पण हे तिला कधी सुचलं नव्हतं. म्हातारीने मात्र खाडकन डोळे उघडले. "काय म्हणालीस पोरी? पुन्हा म्हण."

केतकीने म्हातारीकडे पाहिलं. "ते राहू दे. आजी, तुमचं तोंड किती सुकलंय! आई, कमाल करतेस हं! म्हातारं माणूस उपाशी बसलंय, नि तू राणीची पोरं मारत सुटलीयेस!" असं म्हणाली, नि कागदासमोरचं पुरणाचं ताट उचलून सरळ म्हातारीपुढे ठेवलं.

"अगं अगं अगं! देवीचं आहे ते! अजून दाखवलंही नाही!" मनूताई धावली, तोवर म्हातारीने पहिला घास घेतला. मनूताईने कपाळावर हात मारला. दुसरा घास घेतला. मनूताईला दरदरून घाम फुटला. तिसरा घास घेतला. मनूताईने लेकीला पोटाशी धरलं, भिंतीकडे तोंड करून आक्रोश केला, "कोपू नको गं माये! पोर अजाण आहे. काय करायचं ते मला कर, हिच्या केसाला धक्का लावू नको!"

पाठीमागून म्हातारी म्हणाली, "वेलदोडा छान लागलाय हो. आणखी थोडं तूप वाढ."

मनूताई वळली. म्हातारीच्या तोंडावर तेज चढलं होतं. "कोपू कशाला? किती पिढ्या नुसता वास घेते आहे पुरणाचा. सगळ्या नैवेद्य दाखवतात गं! दाखवतात, नि आपण खातात. वाढलं कोणी नव्हतं." तेव्हा मनूताईला ओळख पटली. तिने पायांवर लोळण घेतली.

केतकीला वाटलं, आजी गमतीची आहे. तिने विचारलं, "मग राणीच्या पोरांचं काय झालं, आजी?" "काय व्हायचंय? खेळताहेत. मी एकालाही हात लावला नाही. ऐकणाऱ्या पेंगू नयेत म्हणून सांगणाऱ्यांनी मला कोपवली. तरी त्या पेंगतातच. मीसुद्धा पेंगते."

मग म्हातारी म्हणाली, "मनू, माग." मनूताई म्हणाली, "माझ्यामागे हिला राख. आणि हिचा तुझ्यावर विश्वास बसू दे." म्हातारी म्हणाली, "राखणं माझ्याकडे लागलं. विश्वासाचं मला जमत नाही, तो ज्याचा त्यालाच बसवावा लागतो." केतकीकडे वळली. "काय गं, बसेल का?" केतकी म्हणाली, "खरं सांगू आजी? मला नाही वाटत. पण पुढच्या शुक्रवारी जेवायला याल का?" म्हातारीचे डोळे भरून आले. म्हणाली, "आजवर सगळ्या म्हणाल्या, प्रसन्न हो. जेवायला ये, असं कोणी म्हटलं नव्हतं गं." ताट पुसून खाल्लं, हात धुतला, दोघींना पोटाशी धरलं, नि निघून गेली.

पुढचा शुक्रवार आला. केतकीने सुट्टी टाकली, वेशीवर जाऊन उभी राहिली. आजी आली नाही. जिने झाडणारी भागूबाई मात्र सकाळपासून उपाशी होती. केतकी तिला हाताला धरून वर घेऊन आली. आधी ताट वाढलं, मग कहाणी झाली. आता मनूताईच्या कहाणीत राणी विसरते, तेव्हा जिवती दारात येते नि विचारते, "बरं नाही का गं तुला?" भागूबाई हूं म्हणाली. केतकी म्हणाली, "पण आई, राजा काय करत होता? त्याला नैवेद्य करता येत नव्हता?" मनूताई भांडली, हसली, नि पोटभर जेवली.

जशी मनूताईला अडवून विचारणारी लेक मिळाली, तशी तुम्हां आम्हां मिळो. जशी जिवतीआई त्यांच्या घरी जेवली, तशी सगळ्यांच्या घरी जेवो. कहाणी साठां उत्तरांची, प्रश्नांनी थोडी लांबली, तरी पांचा उत्तरीं सुफळ झाली, संपूर्ण झाली. आता भिंतीकडे बघत बसू नका बायांनो. जिन्यात कोण आहे ते बघा, नि पानं वाढा.