तीन पागोट्यांची संमती

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा राजे इतके होते की त्यांची नावं कुणी लक्षात ठेवत नसे. अशाच एका राज्यात, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं.

दर चैत्रात डोंगरावर वणवा पेटे आणि वाऱ्याबरोबर खाली उतरे. म्हणून गावानं वणवा मंडळ काढलं होतं. पगार नाही, मान नाही, ज्याला गावाची काळजी त्यानं यावं. काम एकच. गावाच्या वरच्या अंगाला गवत कापून जाळरेषा काढायची, म्हणजे गवताविना मोकळा पट्टा. आगीला खायला मिळालं नाही की ती तिथंच मरते.

मंडळाला एक म्होरक्या होता, एक उपम्होरक्या आणि नियमांची पोथी सांभाळणारा एक पोथीदार. तिघंही पिकल्या केसांचे. म्हातारी माणसं शहाणी असतात, असं म्हातारीच माणसं सांगतात.

दिवाळीपासून तिघं बैठकीला फिरकले नव्हते. म्होरक्या राजधानीत 'वनांचा तारणहार' म्हणून शाली घेत हिंडत होता. उपम्होरक्याची दाढ दुखत होती, पण ऊस खाताना दुखत नव्हती. पोथीदार पोथी बैठकीच्या पारावर टाकून लेकीच्या सासरी जाऊन बसला होता.

आता पोथीत लिहिलं होतं की, सलग तीन बैठका जो चुकवील त्याचं पद गेलं. यावर तिघांनी आधीच तोड काढून ठेवली होती. पोथीच्या शेवटी त्यांनी एक ओळ घुसडली होती : 'पागोटं हजर म्हणजे माणूस हजर.' दर बैठकीला तिघांच्या घरून तीन पागोटी येत, तीन पाटांवर बसत आणि सगळे त्यांना रामराम करत.

त्या गावात येसू नावाची बाई होती. तिचं घर सगळ्यांत वर, गवताला लागून. गेल्या वणव्यात तिचा गोठा गेला, आत बांधलेल्या दोन शेळ्यांसकट. त्यांचं ओरडणं तिच्या कानातून गेलं नव्हतं. या खेपेला जाळरेषा झाली नाही तर घरच जाणार होतं. येसूनं पाठशाळा अर्ध्यात सोडली होती, पण अक्षरं सोडली नव्हती.

चैत्र लागला. बैठक भरली. येसू म्हणाली, "उद्या कोयते घेऊन निघू."

मंडळातले सगळ्यांत जुने सभासद, आबा, पारावरून खाकरले. "असं कसं गं? पदाधिकाऱ्यांच्या संमतीविना ठराव होत नाही."

"मग घ्या संमती. बसलेत की समोर."

"अगं, पागोटं बोलतं का कधी?"

"हजर आहे म्हणता, मग बोलत का नाही?"

"पोरी, नियम थट्टेवारी नेऊ नये. शिवाय रेषा म्होरक्याच्या कुरणातून जाते. तो आल्यावर बघू."

"आबा, वणवा तुमच्या म्होरक्यासाठी थांबणार आहे का? की त्यालाही पागोटं दाखवायचं?"

लोक हसले. आबा लाल झाले. येसूनं पोथी उचलली आणि मोठ्यानं वाचलं, "'बैठकीला हजर असून जो हरकत घेत नाही, त्याची संमती धरावी.' नियम तुमचाच, आबा. अक्षरही तुमच्याच पोथीदाराचं."

मग ती पहिल्या पाटासमोर हात जोडून उभी राहिली. "म्होरके, उद्या तुमच्या कुरणातलं गवत कापायचं म्हणते. काही हरकत?"

पागोट्यावर एक माशी बसली. उठली. पुन्हा बसली.

"तीनदा विचारते हं. नंतर म्हणाल, विचारलं नाही."

तिनं तिन्ही पागोट्यांना तीन-तीनदा विचारलं. एकानंही हूं की चूं केलं नाही.

"झाला ठराव," येसू म्हणाली. आबा पोथीची पानं उलटत बसले.

दुसऱ्या दिवशी चाळीस कोयते डोंगराला लागले. चार दिवसांत जाळरेषा निघाली. आठव्या दिवशी भरदुपारी वणवा आला, गवत खात, फुत्कार टाकत. मोकळ्या पट्ट्यापाशी आला आणि उपाशी मेला. येसूच्या छपराची एक काडीही जळली नाही.

ही वार्ता कानावर जाताच म्होरक्या हार घ्यायला धावत आला. उरलेले दोघं मागोमाग होतेच. पण म्होरक्याला वाटेत स्वतःचं कुरण दिसलं, आणि तो हार विसरला.

"माझं गवत! कुणाला विचारून कापलंत?"

"तुम्हालाच," येसू म्हणाली. "तीनदा."

"मला? मी इथं नव्हतोच!"

"नव्हता?"

"नव्हतो म्हणतो ना! आम्ही तिघंही नव्हतो! दिवाळीपासून एकाही बैठकीत पाऊल टाकलेलं नाही आम्ही!"

उपम्होरक्यानं त्याचं धोतर ओढलं, पण उशीर झाला होता. सगळ्या गावानं ऐकलं होतं.

येसूनं पोथी उघडून आबांपुढं धरली. "वाचा तुम्हीच. तीन बैठकांचा नियम."

आबांनी वाचलं.

त्याच दुपारी तिघांची पदं गेली. घुसडलेली ओळ सर्वांसमोर खोडली गेली. गावानं येसूला म्होरकी केलं. तिनंही उगीच लाजून आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाली, "होते म्होरकी. मी सलग तीनदा आले नाही, तर मलाही न विचारता काढून टाका."

तात्पर्य : ज्याला कामाला यायचं नाही, त्यानं जागा अडवून बसू नये, मग तो कितीही मोठा असो.